उतारावरचं अरण्य

सह्याद्रीत गडावर जाणाऱ्याच्या पायांना एक क्रम ठाऊक असतो. आधी चढ, मग उतार. सकाळच्या ताज्या दमात छातीवरचा चढ संपवायचा आणि ऊन कलल्यावर गुडघे सांभाळत खाली यायचं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, डेल नॉर्ट कोस्ट रेडवूड्स स्टेट पार्कमध्ये डॅमनेशन क्रीक नावाची पाऊलवाट आहे. ती हा क्रम उलटा करते. गाडी हायवे १०१च्या कडेला, डोंगराच्या माथ्यालगत लावायची, झाडीत शिरायचं, छोटासा चढ चढून धारेवर यायचं आणि तिथून वळणावळणानं थेट प्रशांत महासागरापर्यंत उतरायचं. आपल्याकडच्या घाटवाटांची ही बहीणच. घाटमाथ्यावरून कोकणात उतरावं तशी. फक्त इथं मध्ये कोकणपट्टी नाही, डोंगराची सोंड सरळ समुद्रात बुडते.

येऊन-जाऊन अंतर सुमारे सहा किलोमीटर. माथा आणि किनारा यांच्या उंचीत जवळपास ३३५ मीटरचा फरक. राजगड-तोरणा करणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण इथं जवळजवळ सगळा चढ परतीसाठी राखून ठेवलेला असतो, आणि उतरताना पायांकडे लक्ष राहत नाही, कारण मान सारखी वर जाते. वाटेच्या दोन्ही बाजूंना जी झाडं उभी आहेत, त्यांच्या जातीहून उंच वाढणारं झाड पृथ्वीवर दुसरं नाही.

रेडवूडची गोष्ट बहुतेकदा उंचीपाशी सुरू होते आणि उंचीपाशीच संपते. ही वाट मात्र उताराबद्दलही तितकंच सांगते. पाणी कुठून येतं, माती कुठे जाते, माथ्यावर काही बिघडलं की पायथ्याशी काय होतं, हे सगळं तीनशे मीटरांच्या उतारात वाचता येतं. गेल्या शंभर वर्षांत हे अरण्य वाचवायला निघालेल्या माणसांनाही हेच शिकावं लागलं, आणि त्या शिक्षणाची किंमत शेकडो वृक्षांनी मोजली.

माथ्यावर

वाटेच्या सुरुवातीलाच लालसर, उभ्या चिरा पडलेले बुंधे भेटतात. साल हाताला लाकडासारखी कडक लागत नाही. काथ्यासारखी, तंतूंची लागते. जुन्या झाडात ही साल ३० सेंटिमीटरपर्यंत जाड असते. तिच्यात आणि लाकडात टॅनिन भरपूर, त्यामुळे कीड आणि बुरशी सहजासहजी लागत नाही. पाइनसारखी ज्वालाग्राही राळही नसते. जमिनीवरून सरपटत जाणारा वणवा अशा बुंध्याला काळं करून पुढे निघून जातो. काही झाडांच्या पायथ्याशी मात्र आगीनं पोखरलेल्या, माणूस उभा राहील एवढ्या ढोल्या दिसतात. गोऱ्या वसाहतकारांनी अशा ढोल्यांत हंस-बदकं कोंडून ठेवली, म्हणून त्यांना आजही ‘गूजपेन’ म्हणतात. ढोली पडलेलं झाड वरून हिरवंगार असतं. खोडाचा जिवंत थर सालीच्या लगेच आत असल्यामुळे गाभा गेला तरी पाण्याची वाट शाबूत राहते.

या झाडाचं शास्त्रीय नाव सेक्वोया सेंपरव्हायरन्स. सेंपरव्हायरन्स म्हणजे सदाहरित. सिएरा नेवाडा पर्वतातला महाकाय सेक्वोया हा त्याचा चुलतभाऊ. तो घेरानं आणि घनफळानं मोठा, पण उंचीत मागे. किनारी रेडवूडचा पहिला लेखी उल्लेख १७६९ सालचा. स्पेनच्या पोर्तोला मोहिमेबरोबर निघालेल्या ख्वान क्रेस्पी या पाद्रीनं मोंटेरे उपसागराजवळ ही लाल लाकडाची झाडं पाहून आपल्या रोजनिशीत नोंद केली. स्थानिक माणसांना अर्थात त्यांची ओळख हजारो वर्षांची होती.

ओरेगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोंटेरेच्या दक्षिणेपर्यंत सुमारे ७२५ किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी, एवढंच या झाडाचं घर. रुंदी कुठे आठ किलोमीटर, कुठे पन्नासच्या थोडी वर. सगळी पट्टी किनाऱ्याला धरून. या पट्टीतलं सर्वांत उंच ज्ञात झाड म्हणजे ‘हायपेरियन’. क्रिस अॅटकिन्स आणि मायकल टेलर यांना ते २००६ साली रेडवूड नॅशनल पार्कमध्ये सापडलं. उंची जवळपास ११६ मीटर. मुंबईच्या राजाबाई टॉवरवर आणखी एक दहा मजली इमारत उभी केली तर साधारण तेवढी होईल.

एवढ्या झाडाचं बी टोमॅटोच्या बीइतकं असतं. शंकूही बोराएवढाच. बियांतून रोपं येतात, पण रेडवूडचा खरा भरवसा बुंध्यावर. बुंध्याच्या तळाशी गाठींमध्ये झोपलेले डोळे असतात. झाड पडलं, तोडलं गेलं किंवा होरपळलं की ते डोळे फुटतात आणि जुन्या खोडाभोवती कोंभांचं कडं उभं राहतं. मधला जुना बुंधा कुजून जातो, कडं तेवढं उरतं. डॅमनेशन क्रीकच्या वाटेवर एखाद्या मोकळ्या गोलाभोवती पाच-सहा झाडं वर्तुळात उभी दिसली, तर ती सगळी बहुधा एकाच झाडाची असतात. ज्यांच्या वयाची खातरजमा झाली आहे अशा रेडवूडांतले सर्वांत जुने दोन हजार वर्षांच्या पुढचे आहेत.

धुक्याच्या थरात

धारेवरून उतार सुरू झाला की अनेकदा एका ठरावीक उंचीवर हवा बदलते. वर ऊन, खाली पांढरं. चालणारा ढगात उतरतो.

इथल्या पावसाचं वेळापत्रक महाराष्ट्राच्या बरोबर उलट आहे. जून ते सप्टेंबर, म्हणजे कोकणात धो धो कोसळत असतं ते महिने, उत्तर कॅलिफोर्नियात जवळजवळ कोरडे. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, ऑक्टोबरपासून पुढे. मग उन्हाळ्याच्या चार कोरड्या महिन्यांत शंभर मीटर उंचीच्या झाडांना पाणी कोण देतं? उत्तर त्या पांढऱ्या थरात आहे.

उन्हाळ्यात वायव्येकडून वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतात. त्याची जागा घ्यायला तळातलं थंडगार पाणी वर येतं. प्रशांत महासागरावरून आलेली दमट हवा या थंड पट्ट्यावरून सरकली की तिच्यातली वाफ निवून तिच्या सूक्ष्म थेंबांचं धुकं बनतं. वर उष्ण हवेचं झाकण असल्यामुळे ते काहीशे मीटरांच्या वर चढू शकत नाही. आत, कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात ऊन तापलेलं असतं; तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि हे धुकं नद्यांच्या खोऱ्यांतून जमिनीवर ओढलं जातं. जिथवर धुकं पोचतं, साधारण तिथवरच रेडवूडचं राज्य.

झाडाच्या सुयांसारख्या पानांवर धुक्याचे कण अडकतात, एकमेकांत मिसळतात आणि थेंब होऊन खाली पडतात. धुक्याच्या दिवशी रेडवूडखाली उभं राहिलं तर आकाशात ढगाचा तुकडा नसताना पाऊस लागल्यासारखं वाटतं. टॉड डॉसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं तीन वर्षं मोजमाप करून १९९८ साली या पावसाचा हिशोब मांडला. जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के पाणी झाडांनी धुक्यातून गाळलेलं होतं. झाडं नसलेल्या मोकळ्या जागी हाच वाटा निम्मा, १७ टक्के. म्हणजे झाडं धुक्यावर जगतात हे जितकं खरं, तितकंच धुक्याला जमिनीवर उतरवण्याचं काम झाडं करतात हेही. झाडं तोडलेल्या डोंगरावरून तेच धुकं बरंचसं तसंच निघून जातं.

आणि खाली टपकलेलं पाणी मुळांतून परत वर चढवणं म्हणजे काय, हे उतरणाऱ्याला नाही, चढणाऱ्याला अधिक समजतं. रेडवूडमध्ये पंप नाही. पानांतून वाफ उडाली की खोडातल्या पाण्याच्या बारीक धाग्यांवर ताण येतो आणि तो ताण मुळांपर्यंत पोचून पाणी वर ओढतो. जितकी उंची, तितका ताण. एका मर्यादेपलीकडे हे धागे तुटतात, त्यांत हवा शिरते. म्हणून रेडवूडच्या खालच्या फांद्यांवरची पानं लांब आणि चपटी असतात, तर शेंड्याजवळची आखूड, खवल्यांसारखी, डहाळीला चिकटलेली. एकाच झाडाची असूनही ती वेगवेगळ्या झाडांची वाटावीत. जॉर्ज कॉक, स्टीव्ह सिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरखंडांनी शेंड्यापर्यंत चढून ही मोजमापं केली आणि २००४ साली निष्कर्ष काढला की पाण्याच्या या ताणामुळे रेडवूडची उंची १२२ ते १३० मीटरच्या पुढे जाऊ शकणार नाही. हायपेरियन त्या छताच्या फार खाली नाही.

पानंही स्वस्थ बसत नाहीत. २०२२ साली अलाना चिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रेडवूडवर दोन प्रकारचे पर्णांकुर असतात. एक अन्न बनवणारे, दुसरे थेट पाणी शोषणारे. पावसाळी उत्तरेत पाणी शोषणारे अंकुर झाडाच्या खालच्या भागात असतात, म्हणजे वरच्या उजेडाची जागा अन्न बनवणाऱ्यांना मोकळी राहते. कोरड्या दक्षिणेत ते वर सरकतात, जिथं धुकं आणि हलका पाऊस आधी भेटतो. जमिनीत पाणी मुरायची वाट न पाहता झाड हवेतूनच घोट घेतं.

काळजीची गोष्ट अशी की हे धुकं विरळ होत चाललं आहे. किनाऱ्यालगतच्या विमानतळांच्या जुन्या नोंदी तपासून जेम्स जॉनस्टोन आणि डॉसन यांनी २०१० साली लिहिलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उन्हाळी धुक्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं आहे. डॅमनेशन क्रीकवर अजून धुकं भरपूर मिळतं. पट्टीच्या दक्षिण टोकाला उभ्या असलेल्या झाडांचं मात्र तसं नाही.

शेंड्यावरची वस्ती

वाटेवरून वर पाहिलं तर फांद्यांच्या पलीकडे काही दिसत नाही. १९८०च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांनाही फारसं दिसत नव्हतं. तिथं रितं आकाश आणि पानं असावीत, असंच बहुतेकांना वाटत होतं. १९८७ साली स्टीव्ह सिलेट विद्यार्थीदशेत असताना एका रेडवूडवर चढला आणि पुढचं सगळं आयुष्य त्यानं त्या उंचीवरच्या अभ्यासाला वाहिलं.

वर जमीन सापडली. वादळात शेंडा मोडला की रेडवूड मोडलेल्या जागेवरून नवी खोडं उभी करतं; फांदीवरून दुसरं झाड उभं राहिल्यासारखं. या बेचक्यांत शतकानुशतकं पालापाचोळा साचतो, कुजतो आणि त्याची माती होते. त्या मातीत नेचे वाढतात, हकलबेरीची झुडपं फळं धरतात. पाण्यात राहणारे कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव जमिनीपासून कित्येक मजले वर, ओल्या नेच्यांच्या गादीत सापडले आहेत. तिथंच भटक्या सॅलमँडर नावाचा फुप्फुसं नसलेला छोटा उभयचर राहतो आणि काही वेळा उंचावरून उडी टाकतो. २०२२ साली क्रिश्चियन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी त्याला वाऱ्याच्या बोगद्यात सोडून पाहिलं. चारही पाय पसरून, शेपटीनं दिशा धरून तो आपलं पडणं मंदावतो आणि वळवतोही. पॅराशूट घेतलेल्या माणसासारखा.

पण या छतावरच्या सर्वांत अनपेक्षित पाहुण्याचं घर समुद्रात आहे. मार्बल्ड मरलेट हा कबुतराहून लहान समुद्रपक्षी. दिवसभर लाटांवर राहून मासे पकडतो, पण अंडं कुठे घालतो हे पक्षितज्ज्ञांना कित्येक वर्षं सापडत नव्हतं. १९७४ साली बिग बेसिन रेडवूड्स स्टेट पार्कमध्ये फांद्या छाटायला एक कामगार एका जुन्या डग्लस फर वृक्षावर उंच चढला आणि त्याला शेवाळ्यावर बसलेलं पिल्लू दिसलं. मरलेट घरटं बांधत नाही. जुन्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडं घालतो, आणि अशा फांद्या तयार व्हायला शतकं लागतात. नवं लावलेलं जंगल त्याच्या कामाचं नाही.

म्हणून या वाटांवर चालणाऱ्यांना एक साधी विनंती केली जाते: खाताना एक कणही सांडू नका. सँडविचचा चुरा पडला की स्टेलर्स जे हे निळे, चाणाक्ष पक्षी आणि डोमकावळे त्या वाटेभोवती जमतात. एकदा जमले की ते आसपासच्या फांद्याही धुंडाळतात आणि मरलेटचं एकुलतं एक अंडं त्यांच्या तावडीत सापडतं. वाटेवरच्या पावाच्या कणाचा हिशोब शेंड्यावर चुकता होतो.

पायथ्याशी

उतार जसजसा तीव्र होतो तशी वळणं जवळजवळ येतात. जमिनीवर तलवारनेच्याचे झुबके आणि त्यांच्यामध्ये तिपानी, हिरवीगार रेडवूड सॉरेल. महाराष्ट्रातल्या अंगणात उगवणाऱ्या आंबुशीचीच ही जातभाई. पान चावलं तर तशीच आंबट. ती सावलीसाठी इतकी घडलेली आहे की फांद्यांतून उन्हाची तिरीप थेट पानावर पडली, तर काही मिनिटांत तिन्ही पानं छत्रीसारखी मिटतात आणि ऊन सरलं की पुन्हा उघडतात. वाटेत पिवळाधमक बनाना स्लग आडवा येतो, म्हणजे कवच नसलेली, वीतभर लांबीची गोगलगाय. तिच्यासाठी थांबावं लागतं, कारण ती कोणासाठी घाई करत नाही.

आडवी पडलेली झाडंही इथं रिकामी राहत नाहीत. रेडवूडचा पडलेला ओंडका कुजायला शतकं घेतो आणि तेवढ्या काळात त्याच्या पाठीवर हेमलॉकची रोपं रुजून मोठी होतात, मुळं ओंडक्यावरून खाली सोडून जमीन गाठतात. उभ्या जुन्या अरण्याचं वजनही अशा हिशोबातच कळतं. प्रौढ रेडवूड जंगलात एका हेक्टरवर जमिनीच्या वर २,६०० टनांपर्यंत कार्बन साठलेला सिलेट आणि त्याच्या सहकाऱ्यांना आढळला. जगात कुठल्याही जंगलात याहून जास्त मोजला गेलेला नाही.

समुद्राजवळ आलं की रेडवूड विरळ होतात आणि सिटका स्प्रूस पुढे येतात. रेडवूडला धुकं हवं, पण खारा वारा सोसत नाही. स्प्रूस तो सोसतात. शेवटी ओढा ओलांडून वाट खडकाळ, गोट्यांच्या छोट्या किनाऱ्यावर पोचते. समोर पाण्यात उभे खडक, ओहोटीला उघडी पडणारी डबकी आणि त्यांत समुद्रतारे.

स्थानिक लोक शिंपले आणि समुद्रशेवाळ गोळा करायला याच वाटेनं उतरत. या भागात तोलोवा आणि युरोक या जमातींची गावं होती. पडलेल्या रेडवूडच्या फळ्या काढून ते घरं बांधत आणि एका खोडातून नाव कोरत. १८४९च्या सोन्याच्या लाटेनंतर गोरे लोक इथं आले तेव्हा झाडांआधी माणसांवर घाव पडले. १८५३ साली स्मिथ नदीच्या मुखाजवळच्या यॉन्टॉकेट गावात धार्मिक सोहळ्यासाठी जमलेल्या शेकडो तोलोवांची हत्या झाली. अरण्य ‘निर्मनुष्य’ होतं, ही समजूत त्यानंतरची.

वरून आलेला गाळ

आता चढ. प्रत्येक वळणावर थांबावं लागतं, आणि थांबल्यावर पायाखालची माती दिसते. भुसभुशीत, पालापाचोळ्यानं झाकलेली आणि मुळांनी धरून ठेवलेली. रेडवूडला खोल सोटमूळ नसतं. एवढा मोठा वृक्ष तीन-चार मीटर खोलीच्या, पण आडव्या पसरलेल्या आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंतलेल्या जाळ्यावर उभा असतो. माती हलली तर झाड हलतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अंदाजे आठ लाख हेक्टर जुनं रेडवूड अरण्य उभं होतं. सरळ वाढणारं, न कुजणारं आणि हलकं लाकूड. सॅन फ्रान्सिस्को त्यातूनच बांधलं गेलं आणि १९०६च्या भूकंपानंतर पुन्हा त्यातूनच उभं राहिलं. आज जुन्या अरण्याचा जेमतेम पाच टक्के भाग उरला आहे.

तो उरला यामागे १९१८ साली स्थापन झालेल्या ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’चं मोठं काम आहे. हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न, जॉन मेरियम आणि मॅडिसन ग्रँट हे तिचे संस्थापक. ग्रँट वंशश्रेष्ठत्वाचा कडवा पुरस्कर्ता होता आणि लीगनं अलीकडे ही गोष्ट जाहीरपणे मान्यही केली आहे. हंबोल्ट काउंटीतल्या स्त्रियांनी १९१९ साली आपली वेगळी संघटना काढून रस्त्याकडेच्या तोडीविरुद्ध मोहीम चालवली. लीगची पद्धत सरळ होती. देणग्या गोळा करायच्या, सर्वांत सुंदर राया विकत घ्यायच्या आणि राज्याच्या ताब्यात द्यायच्या. सर्वांत सुंदर राया म्हणजे नदीकाठच्या सपाट गाळावरच्या, कारण झाडं तिथंच सर्वाधिक उंच होतात. वरचे उतार लाकूड कंपन्यांकडे राहिले.

चूक १९५५च्या हिवाळ्यात उघडी पडली. बुल क्रीकच्या काठची राई लीगनं वाचवली होती, पण खोऱ्याचे वरचे उतार तोडून उघडे केले होते. डिसेंबरच्या मुसळधार पावसात उघडी माती आणि ओंडके खाली आले, प्रवाह काठ खाऊ लागला आणि शेकडो जुने रेडवूड मुळासकट पाण्यात पडले. त्यांच्यावर कोणी कुऱ्हाड उगारली नव्हती. ती त्यांच्या कितीतरी वर, कड्यावर चालली होती. त्यानंतर लीगनं बुल क्रीकचं वरचं खोरंही विकत घ्यायला सुरुवात केली.

तरीही तोच प्रसंग थोड्या उत्तरेला पुन्हा आला. १९६३ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या पॉल झाल यांना रेडवूड क्रीकच्या एका वळणावर त्या वेळचं सर्वांत उंच ज्ञात झाड सापडलं. २ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीनं रेडवूड नॅशनल पार्क झालं. त्या उंच झाडांपर्यंत पोचणारा उद्यानाचा भाग आठ मैल लांब आणि अर्धा मैल रुंद. नकाशावर तो इतका बारीक दिसे की त्याला ‘वर्म’, म्हणजे गांडूळ, असं नाव पडलं. त्या गांडुळाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या तीव्र उतारांवर, तोड चालूच राहिली. पुरांबरोबर गाळ उतरला, नदीचं पात्र भरून वर आलं, आणि जगातल्या सर्वांत उंच झाडांच्या मुळांशी पाणी पोचायला लागलं.

उद्यान वाढवायचा प्रस्ताव आला तेव्हा लाकूडतोड्यांच्या गावांत भीती आणि संताप दाटला. नोकऱ्या जाणार हे त्यांना दिसत होतं. १९७७ साली त्यांचा ट्रकांचा तांडा देश ओलांडून वॉशिंग्टनला गेला. सोबत रेडवूडच्या ओंडक्यातून कोरलेली नऊ टनांची भुईमुगाची शेंग, भुईमूग पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबातून आलेल्या अध्यक्ष जिमी कार्टर यांना भेट म्हणून. व्हाइट हाउसनं ती स्वीकारली नाही आणि शेंग ओरिक गावी परत आली. १९७८ साली कार्टर यांनी विस्ताराच्या कायद्यावर सही केली. उद्यानात ४८,००० एकर जमीन नव्यानं आली आणि तिच्यातली बहुतेक आधीच तोडलेली होती. तोडलेला उघडा डोंगर राष्ट्रीय उद्यानात घेणं हे तोवर क्वचितच घडलेलं. पण खालची राई वाचवायला तोच डोंगर हवा होता. पुढची कित्येक वर्षं बुलडोझरांनी लाकूडवाहतुकीचे जुने रस्ते उकरून काढले, बुजवलेले ओढे मोकळे केले, उतारांना पुन्हा जुना आकार दिला.

आज या भागातली राष्ट्रीय आणि राज्य उद्यानं एकत्र चालवली जातात आणि जगातल्या उरलेल्या जुन्या किनारी रेडवूड अरण्यापैकी सुमारे ४५ टक्के त्यांत आहे. २०२२च्या मे महिन्यात युरोक जमातीनं या आकाशात कॅलिफोर्निया काँडर गिधाडं पुन्हा सोडली. मार्च २०२४ मध्ये ओरिकजवळची ‘ओ रू’ ही जुन्या लाकूडगिरणीची १२५ एकर जागा युरोकांना परत देण्याचा करार झाला.

चालणाऱ्याचं पाऊल

अरण्याला उतारावरून कोसळणाऱ्या गाळाचं भय, तसं माणसाच्या बुटांचंही. हायपेरियनपर्यंत वाट कधीच नव्हती. तरी त्याचा ठावठिकाणा पसरला आणि लोक झाडी तुडवत पोचले. बुंध्याभोवतीचे नेचे नाहीसे झाले, माती दाबून घट्ट झाली. उथळ मुळांना अशा मातीतून पाणी आणि हवा नीट मिळत नाही. २०२२ पासून त्या परिसरात जायला बंदी आहे. मोडली तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. जेडेडिया स्मिथ उद्यानातल्या ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’ची हीच गत झाली होती. तिथं उलट उपाय केला. जमिनीपासून उचललेली, जाळीच्या पृष्ठाची सुमारे ४०० मीटर लांबीची चालवाट बांधली, म्हणजे लोक झाडांपाशी पोचतात आणि खाली नेचे परत वाढतात.

डॅमनेशन क्रीकची वाट उतारावर वळणं घेत जाते. वळणं कंटाळवाणी वाटली की कोणीतरी सरळ खाली उतरतं, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या सरळ रेषेतून पाणी वाहू लागतं. वाटेची वळणं चालणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत, तशीच पाण्याचा वेग मोडण्यासाठीही.

आणि हा डोंगर तसाही स्वस्थ नाही. वाटेच्या किंचित दक्षिणेला हायवे १०१चा ‘लास्ट चान्स ग्रेड’ हा पट्टा गेली कित्येक दशकं समुद्राकडे सरकतो आहे. रस्ता खचतो, दुरुस्त होतो, पुन्हा खचतो. त्याआधीचा, आता मोटारींना बंद असलेला जुना हायवे डॅमनेशन क्रीकच्या वाटेला धारेखाली आडवा जातो. त्याच्या डांबरावर आज शेवाळ आणि अल्डरची झाडं आहेत. २०२४ साली कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्यानं घसरत्या उतारातून सुटका म्हणून सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा बोगदा हा पर्याय निवडला.

चढ संपतो तो जुन्या हायवेच्या वर, धारेजवळ. समुद्राचा आवाज कधीच मागे पडलेला असतो. दुपार कलताना धुकं माथ्यापर्यंत चढून आलं असेल तर गाडीपाशी पोचल्यावर एक गोष्ट दिसते. रस्त्याच्या मधोमध, जिथं वर आकाश उघडं आहे, तिथं डांबर कोरडं असतं. कडेला, रेडवूडच्या फांद्या जिथवर येतात तिथवर, ते काळंभोर ओलं असतं आणि त्यावर थेंब पडत असतात.